खंबाटकीत क्लच गेला त्या आठवड्याबद्दल

डिसेंबरमध्ये नक्की काय झालं, गाडी कुठे अडकली, टोइंगला किती गेले आणि त्या सगळ्यात 300 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, कशी काय जमली, असं ओळखीच्या बऱ्याच जणींनी विचारलं. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच तारीखवार लिहून काढू, म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावर कुणाची गाडी अशी बसली तर सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

ज्यांना बीआरएम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पूर्ण करायचं, नंबर-बिंबर काही नसतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. ही चारही एकाच सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबरमध्ये झाली की सुपर रँडोनर म्हणतात. मी ऑफिस सांभाळून हायब्रीड सायकल चालवणारी, 200 झालेली होती, आता पहिली 300 शनिवारी 14 डिसेंबरला. पैसे भरून झालेले आणि आला नाहीत तर परत मिळणार नाहीत हे राइड घेणाऱ्या क्लबने आधीच लिहिलेलं.

बेत असा होता की रविवारी 8 तारखेला आईला वाईला मावशीकडे सोडायचं, कारण मावशीकडे मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि आईला तिथे राहायचं होतं. सायकल गाडीच्या मागे रॅकला लावून न्यायची, दोनतीन दिवस तिथूनच लॅपटॉपवर काम करायचं, सकाळी पसरणी घाटात प्रॅक्टिस करायची आणि बुधवारी रात्री पुण्यात परत. गुरुवार-शुक्रवार पूर्ण आराम. बेत चांगला होता.

साडेनऊला घरून निघालो. शिरवळपर्यंत काहीच नाही. खंडाळा (लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) मागे टाकलं आणि घाटाच्या पायथ्यापासूनच ट्रॅफिक, रविवार, त्यात वर कुठेतरी ट्रक बंद पडलेला. दोन फूट पुढे, थांब, दोन फूट पुढे, थांब, असं अर्धा-पाऊण तास चाललं. मग जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल, आई म्हणाली, "अगं आपल्याच गाडीचा येतोय." ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं रेस घेतंय, काटा वर जातोय आणि गाडी जागची हलत नाहीये. पहिला गिअर टाकला तरी चढावर मागेच सरकायला लागली. हँडब्रेक ओढला आणि हजार्ड लावले. गाडी 2015 ची पेट्रोल, 92 हजार किलोमीटर झालेले आणि क्लच कंपनीतून आलेला तोच, त्यामुळे तो संपला यात नवल काही नव्हतं, पण संपायची जागा फारच वाईट निवडली त्याने.

आता हा भाग नीट वाचा. पहिलं काम आईला गाडीतून बाहेर काढून कठड्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला बसवलं. बंद गाडीत बसून राहायचं नाही, घाटात तर अजिबातच नाही, मागून येणाऱ्या ट्रकला वळणावर तुम्ही दिसत नाही. मग लाल त्रिकोण काढून बराच मागे, वळणाच्या अलीकडे ठेवला. आणि मग 1033 ला फोन. ही नॅशनल हायवेची हेल्पलाइन आहे, कुठल्याही नॅशनल हायवेवर लागते. त्यांनी विचारलं कुठल्या दिशेला तोंड आहे, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता. तो दगड शोधायला मला थोडं चालावं लागलं, पण त्यावरूनच त्यांना जागा सापडते, गुगलचं लोकेशन त्यांना उपयोगी पडलं नाही. पंचवीसेक मिनिटांत पेट्रोलिंगची गाडी आली. दोन जण होते, त्यांनी कोन लावले, मागची वाहनं थांबवली आणि सगळ्यांनी मिळून ढकलत गाडी कडेच्या रुंद जागेत नेली. वहीत गाडीचा नंबर, माझं नाव, वेळ लिहून सही घेतली. पैसे काही नाही. मी विचारलं किती द्यायचे तर म्हणाले, "ताई, हे फुकटच असतं, फक्त बाजूला घेऊन देतो, पुढचं टोइंग तुमचं तुम्ही बघा."

दुसरा फोन इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्सला. हे ॲड-ऑन मी दरवर्षी दोनतीनशे रुपये भरून घेते आणि आजपर्यंत कधी वापरलं नव्हतं. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे, नक्की काय झालंय, चाकं फिरतायत का, स्टिअरिंग मोकळं आहे का, असं सगळं विचारतात. आरसी डिजिलॉकरमध्ये होती पण घाटात नेट लंगडत होतं, तेव्हा आरसी आणि पॉलिसी दोन्हीचा फोटो फोनच्या गॅलरीत ठेवून द्या, ॲपवर विसंबू नका. एक गोष्ट आवर्जून मागा, ती म्हणजे फ्लॅटबेड, अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. पुढची चाकं उचलून ओढत नेणारी क्रेनही येते, पण घाटात ते नको वाटतं. माझ्या पॉलिसीत 50 किलोमीटरपर्यंत फुकट, वर्षातून चार वेळा, आणि याने नो क्लेम बोनसला धक्का लागत नाही हे मी दोनदा विचारून घेतलं. एसेमेसवर तिकीट नंबर आला आणि खाली लिहिलेलं, अंदाजे वेळ 60 मिनिटं.

साठ मिनिटं काही झाली नाहीत, आणि त्याचं कारण कळल्यावर माझा राग गेला. खंबाटकीचा घाट तेव्हा फक्त साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी होता, पुण्याकडे येणारे बोगद्यातून यायचे. म्हणजे साताऱ्याहून निघालेला टोइंगवाला सरळ घाटात आमच्यापर्यंत येऊच शकत नाही, त्याला बोगद्यातून खाली खंडाळ्याला उतरायचं, तिथे वळायचं आणि मग त्याच ट्रॅफिकमध्ये उभं राहून परत घाट चढायचा. वाईहून आईला न्यायला निघालेल्या मावसभावाचंही तेच झालं. तो आधी पोचला, दीडच्या सुमारास. आईला आणि सामानाला गाडीत घातलं, त्याने येताना मावशीने दिलेली पोळीभाजी आणली होती ती कठड्यावर बसून खाल्ली. तो म्हणत होता, "ताई, तू पण चल, सायकल राहू दे गाडीवर." पण टोइंगवाल्याचा आधीच फोन येऊन गेला होता की मागे सायकल-रॅक असेल तर काढा, गाडी वर ओढताना मागचा भाग खाली टेकतो, रॅकसकट घेणार नाही. भावाच्या गाडीत सायकल मावत नव्हती. म्हणून ठरलं की आई आणि रॅक त्याच्याबरोबर आणि मी सायकलवर.

फ्लॅटबेड आला पावणेतीनला. चालवणारे दादा शांत माणूस, त्यांनी स्वतःहून सांगितलं की गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, डॅशबोर्डवरच्या किलोमीटरचा काढा, डिकीतलं मौल्यवान काही असेल तर घ्या. विंचने गाडी वर ओढली, पट्टे टायरवरून टाकले. किल्ली त्यांच्याकडे दिली आणि पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या. सातारचं ऑथोराइज्ड वर्कशॉप रविवारी बंद, तिथे सिक्युरिटीला गाडी सोपवून पोच घेणार आणि फोटो मला पाठवणार असं ठरलं, आणि त्यांनी खरंच सहा वाजता पाठवला. मी त्यांना चहापाण्याला 200 दिले, मागितले नव्हते.

मग मी हेल्मेट घातलं आणि घाटाचा उरलेला चढ सायकलने चढले. अंगात साधी ट्रॅकपँट आणि कुडता, सकाळपासूनचं टेन्शन, पण खरं सांगते, पाय फिरायला लागल्यावर डोकं जरा जागेवर आलं. घाट उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळले आणि वाई. पाचच्या आत मावशीच्या दारात होते.

सोमवारी 9 तारखेला सकाळी सायकलनेच सातारा. वाई-पाचवड-आनेवाडी-सातारा, साधारण 35 किलोमीटर. ऑफिसला अर्धी रजा टाकली. वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड बनवताना शेजारी उभं राहा आणि त्यावर काय लिहितात ते वाचा. किलोमीटर, पेट्रोल किती आहे, आधीचे ओरखडे कुठे आहेत, सगळं लिहून घ्या. माझ्या कार्डावर सर्व्हिस ॲडव्हायझरने न विचारता एसीची सफाई आणि इंजिन फ्लश पण टाकलेलं, ते खोडायला लावलं. क्लच इन्शुरन्समध्ये बसतो का हे पण मी तिथूनच फोन करून विचारलं. बसत नाही. झीज होऊन गेलेला पार्ट कुठल्याच साध्या पॉलिसीत येत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) असलं तरी. त्यामुळे सर्व्हेअर वगैरेची वाट बघायची गरजच नव्हती.

पहिलं एस्टिमेट 23,410 रुपयांचं. क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, टॅक्स धरून 7,150. लेबर 4,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,310. गिअर ऑइल 1,150. आणि फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ती जड चकती, नवीन 9,800. पार्टवर तेव्हा 28 टक्के टॅक्स असल्याने आकडा असा फुगतो. फ्लायव्हील बदलायचंच का, तर "मॅडम, गरम होऊन खराब झालं असणार." गिअरबॉक्स अजून खाली उतरवलाही नव्हता. मी एवढंच लिहून दिलं की बाकी कामाला मंजुरी आहे, फ्लायव्हील उघडल्यावर मला दाखवून मगच ठरवायचं. हे व्हॉट्सॲपवरच लिहा, तोंडी नको. बुधवारी गाडी देतो म्हणाले.

परत येताना उन्हातून 35. दुपारी ऑफिसचे कॉल्स, संध्याकाळी मांड्या भरून आलेल्या.

त्यात आणखी एक सापडलं. फास्टॅगचे जुने मेसेज बघत होते तर रविवारी संध्याकाळी आनेवाडी टोलला माझ्या खात्यातून पैसे कापलेले. गाडी तर ट्रकवर होती! ट्रकचा टोल ट्रकच्या टॅगमधून गेला आणि वर उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा टॅगही त्या मशीनने वाचला. हे कुणी सांगत नाही. फ्लॅटबेडवर गाडी चढवली की काचेवरच्या टॅगला आतून बाहेरून ॲल्युमिनियमची फॉइल लावायची, पोळ्या गुंडाळतो तीच. रक्कम किरकोळ होती पण मला ते पटेना, तक्रार करायची हे तेव्हाच ठरवलं.

मंगळवारी 10 तारखेला पसरणी घाट. या घाटाचं मला फार कौतुक आहे, वाईच्या बाहेर पडलं की दहा-बारा किलोमीटर एकसारखा चढ, अंगावर येणारा नाही पण सोडतही नाही, आणि वर हॅरिसन फॉलीला पोचलं की खाली धोमचं पाणी आणि कृष्णेचं सगळं खोरं दिसतं. सकाळी सहाला निघाले, बोटं गारठलेली, अर्ध्या घाटात ऊन आलं. मधेच वर्कशॉपचा फोन. आलेला क्लच सेट डिझेल मॉडेलचा निघाला, बरोबरचा कोल्हापूरहून मागवलाय, बुधवारी येईल. मी घाटाच्या कडेला उभी, घाम गार होतोय आणि बुधवारची गाडी गुरुवारवर गेली. पाचगणीला एक चहा घेतला आणि उतरले. उतारावर ब्रेक सारखे दाबून धरू नका, वळणाआधी दाबायचे आणि सोडायचे, रिम तापतो.

बुधवारी सकाळी ॲडव्हायझरने फोटो पाठवला, फ्लायव्हील उघडलंय, बदलावंच लागेल. फोटोत मला तरी काही कळत नव्हतं. पुन्हा सायकल काढली, पुन्हा 35 किलोमीटर. प्रॅक्टिसच्या नावाखाली मला 60-70 च्या वर जायचं नव्हतं त्या आठवड्यात आणि इथे नुसत्या हेलपाट्यातच तेवढं होत होतं. पण गेले ते बरं झालं. वर्कशॉपचा जो वयस्कर मेकॅनिक होता त्याने फ्लायव्हील हातात घेऊन दाखवलं. तांब्याच्या भांड्यावर तापून डाग येतात तसे निळसर-काळे डाग पडलेले, बोट फिरवलं की किंचित खरखर, पण तडा कुठे नाही. मी विचारलं, फेसिंग मारून (वरचा थर तासून सपाट करून) चालेल का? तो ॲडव्हायझरकडे बघून म्हणाला, "चालंल की, तडा न्हाई तर कशाला बदलायचं, एमआयडीसीत लेथवर मारून आणतो." फेसिंगचे 900. नऊ हजार आठशेच्या जागी नऊशे. म्हणून सांगते, जमत असेल तर उघडलेला पार्ट डोळ्यांनी बघायला जा, आणि प्रश्न ॲडव्हायझरला नाही, काम करणाऱ्याला विचारा. जुने पार्ट परत द्या म्हणून जॉब कार्डवर लिहायला लावा, मी लिहून घेतलं होतं आणि जुनी प्लेट मला शेवटी मिळाली, तिचं अस्तर अगदी रिव्हेटपर्यंत झिजलेलं.

बुधवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट गेली. पोटऱ्या दुखत होत्या, डावा गुडघा आतून बोलत होता, ऑफिसचं काम साठलेलं आणि शनिवारी पहाटे पुण्यात कशी पोचणार हे माहीत नाही. एसटीत सायकल घेतील का म्हणून वाई स्टँडवर विचारलं तर कंडक्टर नाही म्हणाले, गर्दी होती. वाईहून सायकल चालवत पुणे गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी 300, हे माझ्याच्याने झालं नसतं. टेम्पोचा भाव विचारला, 3,500. क्लबच्या माणसाला मेसेज करून विचारलं, नाव पुढच्या महिन्याच्या राइडला फिरवता येईल का, त्यांनी प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. रात्री आईपाशी रडले थोडी. ती म्हणाली, "उद्या सायकलला हात लावू नकोस. झोप आणि जेव, बाकीचं शुक्रवारी बघू." तेच केलं.

गुरुवारी 12 तारखेला मावशीकडे महालक्ष्मीची मांडणी, घरभर धूप, मी दिवसभर माजघरात लॅपटॉप घेऊन बसलेले आणि पाय भिंतीला लावून वर. संध्याकाळी नैवेद्य झाल्यावर पुरणपोळी. लांब राइडच्या आधी दोन दिवस नीट पोटभर जेवायचं असतं, ते त्या दिवशी आपोआप झालं. दुपारी वर्कशॉपचा निरोप, पार्ट आला, उद्या चार वाजता गाडी नक्की.

शुक्रवारी भावाने मला आणि सायकलला ओळखीच्याच्या पिकअपमधून साताऱ्याला सोडलं. चारचे साडेसात झाले. त्या वेळात मी सायकलची चेन पुसली, तेल घातलं, लाइट चार्जिंगला लावले, तिथल्याच सॉकेटवर. गाडी मिळाल्यावर पैसे भरायच्या आधी चक्कर मारून आणायची, हा नियम पाळा. मी चक्कर मारली तर रिव्हर्स टाकताना करकर आवाज. केबल ताणली गेलेली, ती बदलली, 1,270. एकूण बिल 15,780 रुपये. पहिल्या एस्टिमेटपेक्षा साडेसात हजारांनी कमी. सव्वाआठला निघाले, बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर करत पावणेअकराला घरी. कपडे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, दोन ट्यूब, पॅचकिट, ओआरएस, राजगिऱ्याच्या चिक्क्या, सगळं काढून ठेवून साडेअकराला आडवी झाले आणि चारला उठले.

शनिवार 14. सुरुवातीला लाइट, मागचा लाइट, हेल्मेट, जॅकेट तपासतात, त्याशिवाय सोडत नाहीत. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे वाटेत शिक्के मारून घ्यायचं कार्ड, हातात दिलं, सहाला निघालो. रस्ता तोच, पुणे-सातारा आणि पुढे उंब्रजच्या जरा पुढून परत. खरं सांगायचं तर पहिले 40 किलोमीटर पाय जड होते आणि मी मनात सतत हिशोब करत होते की 20 तास म्हणजे रात्री 2 पर्यंत, ताशी 15 ने गेलं तरी पुरतं, त्यात थांबणं आलं. हा हिशोब कुठल्याही नवीन माणसाने सायकलच्या हँडलला चिटकवून ठेवावा. कोण किती वेगात पुढे गेलं ते बघायचं नाही.

सव्वानऊला खंबाटकी. त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतं, हलका गिअर लावून दमाने चढले. सातारा कंट्रोल, म्हणजे तपासणीचा ठरलेला थांबा, पावणेबाराला, कार्डवर शिक्का आणि वेळ. इडली, ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी. बाहेरून कुणाची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवरच, मधे रस्त्यात घरच्यांनी डबा आणून दिलेला चालत नाही, हे घरी आधीच समजावून सांगा नाहीतर प्रेमाने कुणीतरी येऊन थांबतं. उंब्रजच्या पुढचा वळसा सव्वादोनला. तिथून परत येताना समोरून वारा आणि ऊन, हा टप्पा माझ्यासाठी सगळ्यात कठीण होता, ताशी 14 पण जमेना. त्या दिवशी दत्तजयंती होती. साताऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका मंदिरात प्रसादाची पंगत चालू होती, तिथल्या काकांनी हात करून थांबवलं आणि द्रोणात शिरा दिला. तो शिरा खाल्ल्यावर वीस मिनिटांत पायात जीव आला. असा वाटेतला प्रसाद किंवा ढाब्यावरचं जेवण चालतं, आपली माणसं ठरवून मागे ठेवलेली चालत नाहीत.

साताऱ्यात परत पाचला. पुढे अंधार पडला आणि उजव्या हाताला पौर्णिमेचा चंद्र वर आला, पार पुण्यापर्यंत सोबत होता. बोगदा आठला. बोगद्यात शिरण्याआधी थांबून मागचे दोन्ही लाइट चालू आहेत ना बघा, आत आवाजाने गोंधळायला होतं, डावी कड धरून सरळ चालवत राहायचं. बाहेर पडलं की उतारावर ते एस आकाराचं वळण आहे, तिथे बरेच अपघात झालेले आहेत, तिथे वेग घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. शिरवळला पिठलं-भाकरी, पस्तीस मिनिटं. कापूरहोळच्या जवळ मागचं चाक पंक्चर, ट्रकच्या फुटलेल्या टायरची बारीक तार शिरलेली. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून ती तार काढा, नाहीतर नवीन ट्यूबही जाते. बोटं गारठल्यामुळे मला अर्धा तास लागला. दोघे मागून आलेले थांबले, टॉर्च धरला, बोलत बसले, मग तिघं मिळून निघालो. कात्रजच्या नवीन बोगद्यानंतर नवले पुलाचा उतार, तिथे आम्ही एकामागे एक, ब्रेकवर हात ठेवून. शेवटच्या कंट्रोलला 12 वाजून 20 मिनिटांनी कार्ड दिलं. 18 तास 20 मिनिटं. घरी नेण्यासाठी नवरा आला होता, त्याच गाडीने. सायकल रॅकवर लावताना माझे हात थरथरत होते, आनंदाने की थकव्याने काय माहीत, फार बरं वाटत होतं.

फास्टॅगचं राहिलं. 16 तारखेला ज्या बँकेचा टॅग आहे त्यांच्याकडे तक्रार टाकली. आठवड्याभरात पुरावा नाही म्हणून बंद केली. मग टोइंगची पावती, गाडी ट्रकवर असतानाचा वेळेसकट फोटो, ट्रान्झॅक्शन आयडी असं सगळं जोडून पुन्हा उघडायला लावली आणि 6 जानेवारीला पैसे परत जमा झाले. तक्रार करताना टोल नाक्यावर वाद घालायला जाऊ नका, ते बँकच करते. फ्लॅटबेडवरचा तो एक फोटो मी सहज काढला होता, तुम्ही मुद्दाम काढा, ट्रकचा नंबर येईल असा.

वर्कशॉपने हजार किलोमीटरनंतर क्लचची केबल परत तपासून घ्या म्हटलंय, ते फेब्रुवारीत होईल. 400 ला नाव घातलंय, मार्चमध्ये. ज्यांनी टोइंगवाल्यांचा नंबर मागितला त्यांच्यासाठी, माझ्याकडे तो नाही, तो रोडसाइड असिस्टन्सवालेच ठरवतात. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर त्यांचा टोल फ्री असतो, तो आज फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि त्याच्या खाली 1033.